भोपळ्यातला मोजा

न्हाई वन्सं, न्हाई टाकला. भोपळा कुठं टाकीन मी? तुमी असं इचारताय जसं काय मी त्याची भाजी करून गावजेवण घातलं. माजघरातल्या तुळईला तुमच्या भावानं जितं टांगला तितंच हुता, त्याच दोरीत, त्याच गाठीत. (हुता म्हणती, हाय म्हणत न्हाई, त्याचं कारण फुडं येतंय. जरा दम धरा. तुमाला दम कवा धरवला न्हाई, म्हणून तर तुमची भाकरी मधी कच्ची ऱ्हाती.)

आता बगा, नमस्कार ऱ्हायलाच. आमच्या शाळंतलं मास्तर सांगायचं, पत्रात आदी वडीलधाऱ्यांना साष्टांग घालावा, मग खुशाली इचारावी, मग कामाचं लिवावं. मी चौथीतनं उठली ती चुलीम्होरं येऊन बसली, त्यामुळं माझं शिक्षण साष्टांगापतोरच झालं, कामाचा धडा ऱ्हायला. तर तुमाला साष्टांग. (कागदावरच हाय. खराखुरा घातला तर मला उठवाया दोन माणसं लागतील.) दाजींना नमस्कार. त्यांचा खोकला कसा हाय, अजून एस्टी चालू झाल्यागत वाजतोय का? तुमचा गुडघा? सांगलीला जाऊन नवं दात बसवलं म्हणं. हसताना हातानं धराया लागत्यात का आपलं आपुन ऱ्हात्यात, ते कळवा. हितं सगळी बरी हायती. तुमचा भाचा लालासाहेब उसाच्या तोडीत गुतलाय, सूनबाई हरणा त्याच्यावर तोंड सोडण्यात गुतली, आन् मी दोघांच्या मधी, नको तिथं. जेवती, झोपती, तुमाला नावं ठिवती. तब्येत चांगली हाय.

तर तुमचं कार्ड संक्रांतीच्या मागनं आलं. निम्मं कार्ड मिरचीच्या भावात घालवलंत, निम्मं खोकल्यात, आन् खरं काम पत्त्याच्या कडंला मुंगीएवढ्या अक्षरात, की दादानं वाळकाचं बी न्हेऊन भोपळ्यात ठिवल्यालं, त्यो भोपळा हाय का टाकला. ते वाचलं आन् मी पायरीवरच बसली. तुमच्या आटपाडीच्या माळावरचं वाळूक! बाजरीच्या ताटात लपून बसायचं, पिकलं की पिवळंधमक, वर हिरवं पट्टं, आन् दिसायच्या आदी वासानं सापडायचं. दर साली गवरीच्या सुमाराला तुमची पाटी यायची एस्टीच्या टपावरनं, वर फडकं शिवल्यालं, आन् निरोप ठरल्याला, "वैनीला आमचं वाळूक लय आवडतं, तिला द्या." सगळ्या गावाला म्हाईत, मनुबाईच्या नणंदेची पाटी आली. मग त्यो दुष्काळ आला. तुमी जनावरं घिऊन छावणीला गेलासा आन् मागं घरात उंदरांनी बियाचं गाडगं साफ केलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांचीबी तीच गत. आता बाजारात वाळूक म्हणून जे इकत्यात ते नुसतं पाण्यानं फुगल्यालं, ना वास ना रंग, असं तुमी लिवलंय. म्हंजी वन्सं, त्या जातीचं बी ह्या जगात कुठं आसंल तर ह्या भोपळ्यात. दुसरीकडं न्हाई.

भोपळा भरला त्यो दिवस मला कालच्यागत दिसतोय. त्या साली दसऱ्याला तुमचा भाऊ तुमच्याकडनं आला ते पिकल्याली वाळकं घिऊन. बी काढलं, राखंत चोळलं, सावलीत वाळवलं. पलटणीतनं हवालदार होऊन आल्याला माणूस, त्याला साधं काम साधं करताच यायचं न्हाई. सुकल्याला दुध्या भोपळा घेतला, आतला गर खरवडला, कडुलिंबाचा पाला घातला, राख घातली, आन् मला म्हणाला, "तू भाईर जा, नजर लावशील." (नजर! माझी नजर लागायची तर ती त्यालाच लागली असती, दिसायला काय कमी हुता व्हय.) मी भाईर जाऊन दाराच्या फटीतनं बगत ऱ्हायली, पण पाठ आडवी आली. तोंडाला लाकडाचं बूच ठोकलं, त्यावर शेणमातीचा गिलावा केला, आन् वली माती हाय तवरच मधोमध आंगठा दाबला. म्हणाला, ही सरकारी मोहोर, माझ्या हुकमाबिगार कुणी तोडायची न्हाई. आंगठा तरी केवढा! तुमा भावंडांचं आंगठं म्हंजी बैलाचा खूर. तुमच्या भाकरीवरचा ठसा बगून सासूबाई वळखायच्या, ही सुलीनं थापली म्हणून.

त्याच थंडीत भूकंप झाला. तिकडं कोयनंला धरणी फाटली आन् हितं आमची मडकी एकमेकांवर डोकी आपटून फुटली. लोणच्याची बरणी गेली, रांजण गेला, कोनाड्यातला देव तोंडावर पडला. मी तवा हांड्यामागं अडकल्याली. आन् तुमचा भाऊ अंगणात कांबळं गुंडाळून उभा, वरडतोय, "मने, भोपळा बग! भोपळा!" बायकू घरात का भाईर ते इचारलं न्हाई. भोपळा तर पाळण्यात घातल्यागत झुलत हुता, त्याला काय झालंय. त्यावरनं मी लय दिवस अबोला धरला. (लय म्हंजी सांजंपतोर. त्यानं च्या केला, साखर ईसरला, मला हसू आलं.)

फुडं दोन वर्सांनी त्यो गेला. उसाला पाणी पाजून आला, च्या ठिव म्हणाला, मी च्या घिऊन आली तवर गेल्याला. ह्याच्यावर मी जास्ती लिवत न्हाई, तुमाला सगळं म्हाईत हाय. तुमी बाराव्यापतोर ऱ्हायलासा. जाताना एस्टीच्या पायरीवर पाय ठिवून म्हणालासा, "वैनी, भावासंगं माझं माहेरबी गेलं." कंडक्टरनं घंटी मारली, माझं बोलणं तोंडातच ऱ्हायलं. तवापासनं तुमी आला न्हाईसा. पंचमी न्हाई, दिवाळी न्हाई. पाटी येत ऱ्हायली दुष्काळापतोर, पाटीसंगं माणूस आलं न्हाई.

आन् भोपळ्याला मी हात लावला न्हाई. लालासाहेबानं घर शाकारलं, तुळईला रंग दिला, भोपळ्याभवतीनं रंग दिला. सून म्हणायची, आत्याबाय, त्यात काय हाय? मी म्हणायची, सोनं. कसं सांगू तुमाला? तुमच्या भावानं केल्यालं ह्या घरातलं समदं काम संपलं. बांधल्याला गोठा पडला, लावल्याला आंबा वठला, इनल्याली बाज ढिली झाली. भोपळ्यातलं काम तेवढं चालू हुतं. आत बी झोपल्यालं हाय, असं त्यो म्हणायचा. उघडलं तर कळणार, मेलंय का जितं. न उघडता बरं हुतं, बंद हाय तवर जितंच. पण तुमी मागितलं. त्यो गेल्यापासनं सा वर्सांत तुमी माझ्याकडं दुसरं कायबी मागितलं न्हाई.

तर उतरवला. घरात मोठी गर्दी. लालासाहेब हातोडी घिऊन आला, हरणा इळी घिऊन आली, आन् शेजारची अंबूबाई नुसतंच तोंड घिऊन आली. सगळ्यांना भाईर काढलं, आतनं कडी लावली आन् उघडला. कसा उघडला ते आत्ता सांगत न्हाई. आतनं राख निघाली, पाल्याचा भुगा निघाला, आन् राखंत हात घातला तर हाताला लोकर लागली. मला वाटलं उंदीर. वरडली मी. भाईरनं तिघंबी दार बडवाया लागली. वढून काढलं तर, वन्सं, मोजा! पलटणीचा हिरवा लोकरी मोजा, तोंड सुतळीनं करकचून बांधल्यालं, आन् आत बी.

आता ह्या मोज्याची गोष्ट तुमाला म्हाईत हाय, तुमी साक्षीदार हाईसा. आठवा ती दिवाळी, जोडीतला एक मोजा घावंना झाल्याला. तुमच्याम्होरं तुमचा भाऊ मला म्हणाला, "हिला दोन मोजं संबाळाया येत न्हाईत, संसार काय संबाळती." आन् तुमी हसलासा. (ते मी इसरली न्हाई, इसरणार न्हाई.) दोन हिवाळं त्या मोज्यावरनं मी बोलणी खाल्ली. कुत्र्यानं न्हेला म्हणलं, वड्यात व्हावला म्हणलं, शेवटाला कटाळून मीच गिळला म्हणलं. आन् त्यो ह्याच माणसानं सोताच्या हातानं भोपळ्यात कोंबून, वर मोहोर मारून, आमच्या डोक्यावर टांगून ठिवल्याला! त्याच्या खाली बसून त्यो जेवायचा आन् जेवता जेवता मोज्याचं नाव काढायचा! इसरला हुता का मुद्दाम गप ऱ्हायला, आता कुणाला इचारू? मी त्यो मोजा धरला आन् जे बोलली ते पत्रात लिवण्याजोगं न्हाई. मनात साचल्यालं सगळं काढलं. बोलता बोलता एकदम ध्यानात आलं, भांडण मी जितली, पण हरल्यालं माणूस कुठं हाय? दुसरा मोजा कंदिलाची काच पुसाया घेतल्याला, त्यो धुतला, वाळवला, आन् दोनी जवळ ठिवलं. किती वर्सांनी जोडी भेटली.

फुडचं ऐका. बी मिरगाला पेरायचं, पण जितं हाय का न्हाई ते आत्ताच बगाया नगं? तुमी तिकडं आस लावून बसणार आन् पावसाळ्यात कळणार समदं फोल. म्हणून मूठभर काढलं आन् पाण्यात टाकलं. समदं तरंगलं. अंबूबाई म्हणाली, तरंगल्यालं बी म्हंजी मेल्यालं बी, मनुबाय, आशा सोड. मी तांब्या तसाच ठिवून परड्यात गेली, जरा एकटं बसाया. परत येती तवर हरणानं झाडलोट करताना तांब्या उपडा केला. गुणाची पोर हाय, पण घरात पाणी ठिवल्यालं तिला बगवत न्हाई. बी अंगणात आन् अंगणात तांबडी कोंबडी. मी पळाली (माझं पळणं तुमी बगितलंय, सासूबाई म्हणायच्या पोतं घरंगळल्यागत), पण तिनं शेवटचं बी उचलून माझ्याकडं असं बगितलं जसं काय मीच वाढलंय. फटीत आडकून दोन-चार बिया ऱ्हायल्या हुत्या, त्या परत भिजत घातल्या, तर सकाळी तळाला बसल्याल्या! वरची राख निघाया येळ लागतो एवढंच, बी काय मेल्यालं नव्हतं. अंबूबाईला बलवून तांब्या दावला. म्हणाली, आता बुडल्यात म्हंजी बुडून मेल्या. ह्या बाईला कुठल्या मातीचं केलंय देव जाणं.

कोंबडी मी डालग्याखाली कोंडली. टोमॅटू खाऊन टाकल्यालं बी उगवतंय, मग वाळकाचं का न्हाई? तिची घाण मी रोज काडीनं उकरून बगत हुती. त्यात लालासाहेबाचं पावणं आलं आन् त्यानं सुरी काढली. मी डालग्यावर बसली. म्हणलं, हिच्या पोटात तुझ्या बापाचं बी हाय, हात लावून बग. पावण्यांनी पिठलं खाल्लं. कोंबडीतनं काय उगवलं न्हाई, ती मातर खाऊन झोपून दुप्पट झाली.

मग माझ्याच डोक्यातनं निघालं, थंडी लय हाय, बियाला ऊब पायजे. उकिरड्यातनं वाफा निघत हुत्या. फडक्यात बी बांधलं आन् उकिरड्यात पुरलं खोल. दोन-तीन दिवसांनी काढलं तर वन्सं, शिजल्यालं! बोटानं दाबलं तर हुलग्यागत मऊ. मीठ घालून वाढलं असतं तर दाजींनी खाल्लं असतं. त्या दिवशी मातर मला रडू आलं. मोजा बगता बगता हलका झाला हुता, आन् मला वाटलं, त्यानं एवढं जपून ठिवल्यालं मी एका महिन्यात खलास केलं. भोपळ्यातच ऱ्हायलं असतं तर निदान हाय असं म्हणता आलं असतं.

आता जे लिवती ते तुमी एकट्यानं वाचा. (दाजी वाचत आसतील तर त्यांनी हितं चष्मा काढावा.) तुमच्या आईची आठवण झाली. सासूबाई माघात मिरची-वांग्याचं बी वल्या फडक्यात बांधून, वर एरंडाचं पान लावून, लुगड्याच्या आत कमरंला बांधायच्या, आठवतंय? तवा त्या वाकायच्या न्हाईत, जड उचलायच्या न्हाईत, आन् आपुन दोघी त्यांच्यामागं खुदुखुदू हसायचो. तसं मी केलं. थोडं बी घेतलं आन् पोटाशी बांधलं. पैल्या दिवशी थंडगार लागलं, दुसऱ्या दिवशी सवय झाली, तिसऱ्या दिवशी मला आपुन एकटी हाय असं वाटंना. घागर उचलंना मी. बसताना हात टेकून बसाया लागली, कूस बदलताना कमरंला हात. एस्टीनं कोरेगावच्या बाजाराला गेली तर कंडक्टर म्हणाला, म्हातारे, आत सरक. मी म्हणलं, रेटू नगा, पोरं हायती पोटाशी. त्यानं शिटी तोंडातच धरली. त्यात हरणानं चिच फोडल्याली, त्यातलं एक बुटुक मी तोंडात टाकलं, आन् नेमकं ते अंबूबाईनं बगितलं. कमरंला हात, तोंडात चिच, आन् लुगड्याला वला डाग.

"मनुबाय," म्हणली, "तुला दिवस ऱ्हायल्यागत काय चालतीस?"

"ऱ्हायल्यात."

"आगं ये! कुणाचं?"

"कुणाचं म्हंजी? माझ्या नवऱ्याचं."

"त्यो जाऊन सा वर्सं झाली की!"

"म्हणून तर उशीर लागतोय."

वन्सं, अंबूबाई पाटाच्या पाण्यापतोर पोचायच्या आत गोष्ट गावात पोचली. लालासाहेब उसातनं पळत आला, तोंड लाल. "आई, काय ह्ये? मला तोंड दावाया जागा ठिव." मी म्हणलं, भावंडं येत्यात तुला, आनंद कर. हरणा भिताडाकडं तोंड करून हसती हुती, हसून हसून तिला उचकी लागली. (त्या दिवसापासनं ती मला आवडाया लागली. तिला सांगू नगा.)

आन् मग एका सकाळी चुलीम्होरं बसून फडकं सोडलं. पान काळं पडल्यालं, बियांना बुरा आल्याला. एक-एक बोटानं बाजूला केली. आन् मधी तीन बिया, वन्सं, तीन, तोंड उघडून बसल्याल्या, पांढरी शेपूट भाईर काढून, उंदराच्या पिलागत. मी कुणाला हाक मारली न्हाई. च्या उतू गेला तरी उठली न्हाई. त्याच्या हातचं एवढी वर्सं काळोखात, राखंत, मोज्याच्या घामट वासात पडून ऱ्हायलं, आन् उबंला आल्याबरोबर म्हणतंय, चला, कुठं जायचं? त्याची सवयच तशी हुती. दुपारची झोप झाली की एकदम उठून पायताण घालायचा.

तिनातली एक मातीत लावताना माझ्याच घाईनं मोडली. दुसरी करवंटीत लावली, ती शेळीनं खाल्ली. (ह्या घरात जनावरांनी वाळकाला माणसापरास जास्ती मान दिलाय.) तिसरी त्याच्या टवकं उडाल्याल्या पांढऱ्या मगात लावली, पलटणीच्या, ज्यात त्यो च्या प्यायचा. तिला दोन पानं आली, मग तिसरं खरबरीत आलं, खरंखुरं वाळकाचं. आता येल खिडकीच्या गजाला हात घालाया लागलाय. पण माझी अडचण झाली, त्याला हाक काय मारायची? नवऱ्याचं नाव मी उखाण्याबिगार तोंडातनं काढलं न्हाई, ते आता कसं काढू? म्हणून "आवं" म्हणती. आवं, ऊन लागलं का? आवं, पाणी घेता का? हरणानं दाराआडनं ऐकलं आन् लालासाहेबाला सांगितलं. त्यो म्हणाला, आईला मिरजंला डोक्याच्या डागदरला दावूया. पण परवा सकाळी मी उठाया जरा उशीर केला तर त्योच खिडकीशी उभा, बापाचा मग उन्हाकडं फिरवत हुता आन् बारीक आवाजात कायतरी बोलत हुता. मी डोळं मिटून घेतलं.

तर वन्सं, तुमच्या कार्डाला उत्तर असं, की बी जितं हाय. पण मोजा आता झाडून रिकामा झाला म्हणा, तुमाला धाडाया मूठभरबी न्हाई. खिडकीतल्या येलाला फळ धरलं तर त्याचं बी ठिवीन आन् फुडल्या साली बगू. दाजींना परत नमस्कार. दात संबाळा.

तुमची भावजय, जिला मोजं संबाळाया येत न्हाईत ती,
मनू

ता. क. मास्तर सांगायचं, ऱ्हायल्यालं खाली लिवावं. ह्या उसाच्या काळ्या चिकट रानात वाळूक नीट यायचं न्हाई, नुसतीच पानं सुटतील. त्याला तुमच्या माळाची मुरमाड माती पायजे, एक पोतं. एस्टीवाल्यांच्या हवाली करू नगा, ते वाटंत सांडत्यात. पोत्यासंगं माणूस पायजे.

आनी एक. रिकामा मोजा म्हणून लिवलं ते खोटं. निम्मा मोजा अजून भरल्याला हाय, बांधून ठिवलाय. पण पोस्टात टाकणार न्हाई. तितं शिक्कं मारत्यात, बी चेचतं. ज्याला पायजे त्यानं मिरगाच्या आदी येऊन हातानं घिऊन जावं आन् चार दिवस ऱ्हावं. भावासंगं माहेर गेलं म्हणालासा. मला तवा उत्तर द्याया मिळालं न्हाई, घंटी वाजली. आता देती. मग मी कोण हाय, एस्टीचा थांबा?

आन् हे कुणालाच सांगितलं न्हाई. भोपळा मी तोंडाकडनं उघडला न्हाई. सगळ्यांना सांगितलं, बूच निघंना. निघत हुतं, हालत हुतं. सायकलवाल्याकडनं करवतीचं पातं आणलं आन् बुडाकडनं कापला. वरचा भाग परत तुळईला टांगलाय, गिलावा तसाच, आंगठा तसाच. रोज एकदा त्या खळग्यात माझा आंगठा ठिवून बगती. कडंनं जागा ऱ्हाती. लालासाहेबाचा ठिवला, त्यो माझ्यावर गेलाय, त्याचाबी बसत न्हाई. तुमचा बसंल वन्सं. मला बगायचा हाय. बी आन् माती निमित्ताला हायती.

पाकीट चिकटवायच्या आदी एक ऱ्हायलं, आन् हे वाचून पाट्या आठवून मला शिव्या दिल्यासा तरी चालंल. लगीन झाल्यावर पैल्या साली तुमच्याच बाजरीच्या रानात तुमच्या भावानं आंगठ्यानं वाळूक फोडलं, निम्मं माझ्या हातात दिलं आन् माझ्या तोंडाकडं बगत उभा ऱ्हायला. काय सांगणार? ग्वाड हाय म्हणलं. तवापासनं त्यो समोर बसायचा आन् मी ग्वाड ग्वाड म्हणत गिळायची, आन् तुमी पाट्या धाडत ऱ्हायलासा. त्यातल्या निम्म्या म्हशीनं खाल्ल्यात. मला वाळूक आवडत न्हाई वन्सं. कवाच आवडलं न्हाई. तुमचा भाऊ आवडायचा.